लघवीत साखर, पण डायबेटिस नाही! विषारी पदार्थ किडनीचं ‘परत घेण्याचं’ काम कसं बंद पाडतात?

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे, उपाशीपोटी साखर ९२. पण त्याच दिवशी, त्याच लॅबमध्ये दिलेल्या लघवीच्या नमुन्यात साखर ‘दोन प्लस’. असा कागद हातात पडला की घरातले आधी लॅबवाल्याला नावं ठेवतात, मग नमुन्यांची अदलाबदल झाली असेल असं म्हणतात आणि शेवटी दुसऱ्या लॅबमध्ये जातात. तिथेही तेच आलं तर?

बऱ्याचदा यामागचं कारण साधं असतं. डायबेटिससाठी दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं मुद्दाम लघवीवाटे साखर बाहेर काढतात, तेच त्यांचं काम आहे. गरोदरपणात काही जणींच्या लघवीत साखर दिसते. काही माणसांमध्ये ती जन्मापासूनच थोडी जाते आणि त्यांना त्याचा काहीही त्रास नसतो. पण यातलं काहीच लागू होत नसेल, तर डॉक्टर लघवीत आणखी काय काय जातंय ते बघतात. साखरेसोबत फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि अमिनो आम्लंही निघून जात असतील, तर त्या अवस्थेला ‘फॅन्कोनी सिंड्रोम’ म्हणतात. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ ग्वीडो फॅन्कोनी यांच्यावरून हे नाव पडलं. किडनीच्या एका ठरावीक भागातल्या पेशींनी काम सोडलंय, असा त्याचा सरळ अर्थ.

त्या पेशी काम का सोडतात? कधी जन्मजात आजारामुळे, कधी मायलोमासारख्या कॅन्सरमुळे. आणि कधी विषामुळे. हे विष कारखान्यातलं असू शकतं, खोकल्याच्या बाटलीतलं असू शकतं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीतलं किंवा ‘एकदम नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या पुडीतलंही असू शकतं.

किडनी म्हणजे नुसती चाळणी नाही

शाळेत आपण शिकतो की किडनी रक्त गाळते आणि घाण बाहेर टाकते. हे अर्धंच खरं आहे. घाण ओळखून तेवढीच उचलायची, अशी किडनीची पद्धत नाही. तिची पद्धत दिवाळीच्या आवराआवरीसारखी आहे. त्या दिवसांत आपण घरातलं सगळंच सामान अंगणात काढतो. डबे, पेट्या, गाद्या, भांडी, सगळं. मग लागणारी एकेक वस्तू पुसून परत आत नेतो, आणि जे अंगणातच राहिलं ते भंगारात जातं.

किडनीत हेच रोज चालतं. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. ही खरी चाळणी. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं सोडली तर पाणी, मीठ, साखर, अमिनो आम्लं असं सगळं तिच्यातून खाली उतरतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव असा गाळतात. आपण लघवी करतो ती जेमतेम दीड लिटर. उरलेलं सगळं परत रक्तात घेतलं जातं.

या परतीच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे ग्लोमेरुलसला लागूनच सुरू होणारी वळणावळणाची नळी, प्रॉक्सिमल ट्युब्युल. लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास, पण गाळलेली जवळपास सगळी साखर, दोन तृतीयांश पाणी आणि मीठ, बहुतेक फॉस्फेट आणि बायकार्बोनेट इथेच परत घेतलं जातं.

अमिनो आम्लांचंही तसंच. डाळ, दूध, अंडी, मटण यातलं प्रथिन पचलं की त्याची अमिनो आम्लं होतात. त्यांतूनच स्नायू, एन्झाइम, हार्मोन बनतात. रक्तात ती कायम फिरत असतात, त्यामुळे चाळणीतून खालीही पडतात, दिवसाला साधारण ५० ग्रॅम. निरोगी माणसात त्यातली ९५ ते ९९ टक्के परत घेतली जातात. लघवीत जातात ती अगदी किरकोळ.

मोटार, पाइप आणि लाईट

ही अमिनो आम्लं परत घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? नळीच्या आतल्या बाजूला पेशींवर ब्रशच्या केसांसारखी दाट लव असते. त्या लवेवर वाहक प्रथिनं बसलेली असतात. प्रत्येक वाहकाची गिऱ्हाइकं ठरलेली. बहुतेक ‘तटस्थ’ अमिनो आम्लं एका वाहकाकडे, आम्लधर्मी दुसऱ्याकडे, सिस्टीन आणि लायसिनसारखी तिसऱ्याकडे. हे वाहक अमिनो आम्ल उचलून पेशीत आणतात, पेशीच्या मागच्या दारावरचे दुसरे वाहक ते रक्तात सोडतात.

पण यातल्या बऱ्याच वाहकांकडे स्वतःची ताकद नसते. ते सोडियमच्या प्रवाहावर चालतात. पेशीच्या आत सोडियम कमी आणि बाहेर जास्त असल्यामुळे सोडियम सारखं आत घुसायला बघतं, आणि आत येताना सोबत अमिनो आम्ल ओढून आणतं. आत आलेलं सोडियम बाहेर फेकायचं काम पेशीच्या मागच्या भिंतीवरचा सोडियम-पोटॅशियम पंप करतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, अखंड. या पंपाला लागणारी ऊर्जा, म्हणजे एटीपी, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया पुरवतात.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. विहिरीवर एक मोटार, तिच्यातून पाणी पाच वावरांत गेलेलं. एखाद्या वावरातला पाइप फुटला तर तेवढंच वावर कोरडं राहतं. पण लाईट गेली तर पाचही वावरं कोरडी.

जन्मजात आजार आणि विषबाधा यांतला फरक नेमका इथे आहे. सिस्टिन्युरिया नावाच्या आनुवंशिक आजारात एकच वाहक बिघडलेला असतो. त्यामुळे सिस्टीन आणि त्याच्या जोडीची दोन-तीन अमिनो आम्लंच लघवीत जातात (आणि सिस्टीनचे खडे होतात). हार्टनप आजारात तटस्थ अमिनो आम्लांचा वाहक बिघडतो. हा झाला फुटलेला पाइप. विष मात्र बहुतेक वेळा मोटारीवर किंवा लाईटवरच घाव घालतं. म्हणून विषबाधेत सगळ्या प्रकारची अमिनो आम्लं एकदम वाहू लागतात आणि त्यांच्यासोबत साखर आणि फॉस्फेटही.

प्रयोगशाळेत हे दाखवण्याची एक जुनी पद्धत आहे. प्राण्यांना मॅलिक नव्हे, मॅलेइक आम्ल देतात. (नावं सारखी वाटतात. मॅलिक सफरचंदात असतं आणि ते निरुपद्रवी आहे.) मॅलेइक आम्ल पेशीतल्या ऊर्जानिर्मितीत खोडा घालतं आणि थोड्याच वेळात प्राण्याच्या लघवीत अमिनो आम्लं, साखर, फॉस्फेट दिसू लागतं. १९५० च्या दशकापासून संशोधक फॅन्कोनी सिंड्रोम समजून घेण्यासाठी हे वापरत आलेत. ते निव्वळ प्रयोगशाळेतलं रसायन आहे असंही नाही. २०१३ मध्ये तैवानमध्ये खाण्याच्या स्टार्चमध्ये याच मॅलेइक आम्लाच्या जातीचं रसायन मिसळल्याचं उघड झालं आणि नूडल्सपासून बबल टीपर्यंत अनेक पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले.

पण विष नेमकं याच पेशींना का गाठतं?

पहिलं कारण रक्तपुरवठा. दोन्ही किडन्यांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याहून कमी, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. रक्तात जे काही असेल ते किडनीसमोर वारंवार येतं. दुसरं, नळीतून पाणी परत शोषलं जात असल्यामुळे उरलेल्या द्रवात विष आटत जातं, दूध आटवावं तसं.

तिसरं कारण जास्त महत्त्वाचं. या पेशींचं कामच मुळी गोष्टी आत घेण्याचं आहे. त्यांच्यावर ‘मेगालिन’ नावाचा एक रिसेप्टर असतो, तो चाळणीतून चुकून उतरलेली छोटी प्रथिनं पकडून आत घेतो. कॅडमियम हा धातू शरीरात मेटॅलोथायोनिन नावाच्या छोट्या प्रथिनाला चिकटून फिरतो. मेगालिन प्रथिन म्हणून त्याला आत घेतो, पेशी ते प्रथिन पचवते आणि कॅडमियम आत मोकळं सुटतं. जेंटामायसिन हे अँटिबायोटिकही याच दाराने आत येतं. पेशीच्या मागच्या बाजूला औषधं रक्तातून ओढून लघवीत टाकणारे वेगळे वाहक असतात, काही औषधं तिथून येऊन पेशीतच साठतात.

आणि चौथं, या पेशींकडे इन्व्हर्टर नाही. शरीरातल्या अनेक पेशी अडचणीच्या वेळी ऑक्सिजनशिवाय साखर फोडून थोडी ऊर्जा मिळवतात. प्रॉक्सिमल ट्युब्युलला ते जवळपास जमत नाही. तिची सगळी भिस्त मायटोकॉन्ड्रियावर. ते बंद पडले की सगळंच ठप्प.

जे. जे. १९८६ ते नागपूर २०२५: जोरात बसलेला घाव

महाराष्ट्राने याचं सगळ्यात भयंकर रूप दोनदा पाहिलंय.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची लघवी अचानक बंद झाली. ते वेगवेगळ्या आजारांसाठी दाखल होते. त्यांच्यात एकच गोष्ट समान होती, त्यांना ग्लिसरीन दिलं गेलं होतं. मेंदूतली किंवा डोळ्यातली सूज आणि दाब कमी करण्यासाठी तेव्हा ते सर्रास वापरलं जायचं. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होतं. हे औद्योगिक द्रावण आहे, चवीला गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखंच आणि त्याहून स्वस्त. १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन, मंत्री, सगळ्यांवर त्याने कडक ताशेरे ओढले. पत्रकारिता शिकणाऱ्या प्रत्येकाने हा अहवाल वाचायला हवा, असं माझं मत आहे. औषधाच्या एका बाटलीमागे किती सह्या असतात आणि त्यातली प्रत्येक सही कशी विकली जाऊ शकते, हे त्यातून कळतं.

डायइथिलिन ग्लायकॉल स्वतः फारसं काही करत नाही. यकृतात त्याचं रूपांतर होत होत शेवटी डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं. हे आम्ल प्रॉक्सिमल ट्युब्युलच्या पेशींत घुसतं आणि तिथेच साठतं. अलीकडच्या प्रयोगांनुसार ते मायटोकॉन्ड्रियातलं सक्सिनेट डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम अडवतं आणि कॅल्शियमलाही बांधून टाकतं. एटीपी संपतं, पंप थांबतो, पेशी फुगतात आणि मरतात. मेलेल्या पेशींचा गाळ नळीतच अडकतो. अमिनो आम्लं वाहून जाण्याइतकीही सवड मिळत नाही, कारण दोन-तीन दिवसांत लघवीच बंद होते. आपण ज्या ‘गळती’विषयी बोलतोय तिच्या पलीकडचा हा टप्पा आहे, घाव मात्र त्याच पेशींवर.

दुसरी वेळ २०२५ ची. ऑगस्टअखेरीपासून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, सर्दी-खोकल्याचं औषध घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. जवळचं मोठं शहर नागपूर, त्यामुळे अनेक मुलांना तिथे आणलं गेलं आणि बऱ्याच मुलांचे जीव तिथल्याच रुग्णालयांत गेले. २० हून अधिक मुलं दगावली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या औषध नियंत्रकांनी ‘कोल्ड्रिफ’ सिरपचा नमुना तपासला, तेव्हा त्यात डायइथिलिन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या एफडीएनेही मग त्या बॅचबद्दल इशारा दिला.

या दोन घटनांच्या मध्ये दिल्ली (१९९८), जम्मूतलं रामनगर (२०१९-२०), आणि भारतात बनलेल्या सिरपशी जोडलं गेलेलं गांबिया (२०२२) ही नावंही येतात. गांबियातल्या सुमारे ७० मुलांच्या मृत्यूनंतर भारताने १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली. निर्यात होणाऱ्या. परासियाच्या मेडिकलवर विकल्या गेलेल्या बाटलीला तो नियम लागू नव्हता.

हळू चढणारं विष: कॅडमियम आणि शिसं

वरची उदाहरणं बातमी होतात, कारण ती काही दिवसांत जीव घेतात. धातूंचं तसं नाही. ते वर्षानुवर्षं थोडे थोडे साठतात, पेशी मरत नाहीत, नुसत्या अधू होतात. आणि मग अमिनो आम्लांची गळती ही पहिल्या खुणांपैकी एक असते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जपानमधलं. तोयामा भागात जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. तिच्यातून कॅडमियम नदीत आलं, नदीतून भातशेतीत आणि भातातून माणसांत. प्रौढ बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडायची. लोकांनी आजाराला नाव दिलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय-दुखतंय’. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणामुळे होणारा आजार असल्याचं मान्य केलं. हाडांचा आजार किडनीतून का सुरू झाला? नळीने फॉस्फेट परत घेणं सोडलं, ते लघवीतून गेलं आणि हाडं कच्ची राहिली. ड जीवनसत्त्वाला शेवटचं कामाचं रूप देणंही याच पेशींत होतं, तेही बिघडलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमिनो आम्लं लघवीतून गेली म्हणून माणूस कुपोषित होतो, असं सहसा होत नाही. जेवणातून येणाऱ्या प्रथिनांच्या मानाने ही गळती लहान असते. खरा त्रास फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि पोटॅशियम जाण्याने होतो. हाडं दुखतात, स्नायू गळून जातात, मुलांची वाढ खुंटते, मुडदूस होतो. अमिनो आम्लं म्हणजे धोक्याची घंटा. नळी बिघडली, एवढं ती सांगतात.

कॅडमियम एकदा किडनीत गेलं की तिथे १० ते ३० वर्षं मुक्काम करतं. आपल्याकडे ते कुठून येईल? निकेल-कॅडमियम बॅटऱ्या, काही रंग, प्लेटिंगची कामं. आणि तंबाखू. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत ओढून घेतं, म्हणून बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात ते न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त सापडतं. मिश्री लावणारीला ‘मी कुठे तंबाखू खाते’ असं वाटतं, पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच.

शिशाची गोष्ट लहान मुलांशी जास्त जोडलेली आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जुन्या घरांच्या भिंतींवरचे रंगाचे पोपडे मुलं खायची. ज्युलियन चिझम या डॉक्टरांनी १९५० आणि ६० च्या दशकांत अशा मुलांचा अभ्यास केला, तेव्हा तीव्र शिसेबाधेत लघवीतून अमिनो आम्लं जातात हे त्यांना दिसलं. शिसं काढून टाकणारे उपचार केले की ही गळती थांबायची.

आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली ती २०१७ पासून. त्याआधीच्या भिंती, खिडक्या आणि ग्रील आजही घराघरांत आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याचे छोटे धंदे आहेत. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. आयुर्वेदातलं नागभस्म हेही शिशाचंच, कारण नाग म्हणजे शिसं. शास्त्रोक्त बनवलेल्या भस्माबद्दल वैद्यांचं मत वेगळं असेल आणि तो वाद इथे सोडवण्याचा विचार नाही. पण जत्रेत, बाजारात, बसस्टँडबाहेर मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुडीत काय आहे हे वैद्यालाही सांगता येणार नाही.

औषधाच्या गोळीतून

हा भाग काळजीपूर्वक वाचा, कारण अर्धवट वाचून गोळी बंद केली तर नुकसान मोठं आहे.

एचआयव्हीच्या उपचारात सरकारी एआरटी केंद्रांवर दिल्या जाणाऱ्या ‘टीएलडी’ गोळीत टेनोफोविर हे औषध असतं. हिपॅटायटिस बीसाठीही ते देतात. फार थोड्या रुग्णांमध्ये ते प्रॉक्सिमल ट्युब्युलच्या पेशींत साठतं, मायटोकॉन्ड्रियाला त्रास देतं आणि फॅन्कोनीसारखी गळती सुरू होते. वेळेत कळलं तर डॉक्टर औषध बदलतात आणि बहुतेकांची किडनी सुधारते. म्हणून या रुग्णांचं क्रिएटिनिन अधूनमधून तपासायचं असतं. ऊसतोडीला पाच-सहा महिने बाहेर असलेल्या माणसाची नेमकी हीच तपासणी चुकते. गोळ्या तो सोबत नेऊ शकतो, पण रक्त तपासायला फडातून उठून जाणार कुठे?

कॅन्सरवरची इफोस्फामाइड आणि सिस्प्लॅटिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, जेंटामायसिनच्या गटातली इंजेक्शनं, यांच्यामुळेही कमी-जास्त प्रमाणात हे होऊ शकतं. १९६० च्या दशकात मुदत संपलेल्या टेट्रासायक्लिनमुळे फॅन्कोनी सिंड्रोम झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. गोळी जुनी होऊन मोडली की तिच्यातून तयार होणारा पदार्थ नळीला विषारी ठरत होता. पुढे गोळीची घडण बदलली. कपाटातली मुदत संपलेली औषधं टाकून द्या असं सांगतात, त्यामागे अशाही घटना आहेत.

झाडपाल्यात सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो ॲरिस्टोलोकिया या वनस्पतीगटाचा. आपल्याकडे त्यातली एक वेल सापसंद किंवा ईश्वरी म्हणून ओळखली जाते, साप-विंचवावर तिचं मूळ देण्याची जुनी प्रथा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या अनेक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. एका वनस्पतीऐवजी तिच्यासारख्या नावाची ॲरिस्टोलोकिया गोळीत गेली होती. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल प्रॉक्सिमल ट्युब्युलच्या पेशींचा डीएनए बिघडवतं. किडनी तर जातेच, पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही होऊ शकतो.

प्रत्येक विष नळीवरच जात नाही

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी गाजली होती. एकाच कुटुंबातल्या तिघींनी गोरेपणाची क्रीम वापरली, तिघींना किडनीचा त्रास झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने क्रीममध्ये पारा असल्याचं उघड झालं. पण तो घाव मुख्यतः चाळणीवर, म्हणजे ग्लोमेरुलसवर होता. अशा वेळी मोठी प्रथिनं लघवीत येतात, लघवीला फेस येतो, अंगावर सूज येते. जास्त मात्रेत पारा नळीलाही मारतो, पण क्रीममधून हळूहळू जाणारा पारा बहुधा चाळणी बिघडवतो.

अंगदुखीच्या गोळ्यांचंही तसंच वेगळं आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. उन्हात घाम गाळून शरीर कोरडं पडलेलं असताना घेतल्या तर धोका वाढतो. वाट वेगळी, पण किडनी तीच.

ऊसतोड कामगारांशी याचा संबंध काय?

हा प्रश्न बीडमध्ये विचारला नाही तर कुठे विचारायचा? दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात.

एल साल्व्हाडोर आणि निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या देशांत ऊसतोड कामगारांना किडनीचा एक आजार होतो, ज्यात ना डायबेटिस असतो ना जुनं ब्लड प्रेशर. आंध्रातल्या श्रीकाकुळम जिल्ह्यात, उद्दानम भागातही असाच आजार आहे. कारणावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. ऊन आणि पाणी कमी पडणं हे एक कारण, कीटकनाशकं-तणनाशकं, धातू, वेदनाशामक गोळ्या ही इतर संशयित. पण एका गोष्टीवर बरंच एकमत आहे. घाव चाळणीपेक्षा नळीवर आणि तिच्या आजूबाजूला होतो. त्यामुळे नेहमीच्या लघवी तपासणीत प्रथिनं फारशी दिसत नाहीत आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

बीडच्या कामगारांना हाच आजार आहे असा याचा अर्थ नाही. पण वर्षातले काही महिनेच घरी असणाऱ्या माणसाची तपासणी गावातल्या शिबिरात नुसत्या पट्टीवर झाली, तर नळीचा आजार त्या पट्टीला दिसणार नाही, हे शिबिर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

मग तपासायचं काय?

लघवीची पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन हे मोठं प्रथिन पकडते. नळी बिघडल्यावर जाणारी छोटी प्रथिनं, जसं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन किंवा रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन, तिला फारशी कळत नाहीत. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. अमिनो आम्लांची चाचणी तर तालुक्याच्या लॅबमध्ये होतच नाही, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो आणि खर्चही बऱ्यापैकी येतो.

पण सुरुवात स्वस्तात होऊ शकते. रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर, रक्तात फॉस्फेट आणि पोटॅशियम कमी, रक्त थोडं आम्लधर्मी. या गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांना दिशा मिळते. या साध्या तपासण्या बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होतात. जाताना सोबत दोन गोष्टी न्या: सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-पुड्या, आणि गेल्या काही वर्षांत केलेल्या कामांची माहिती. बॅटरी, रंग, वेल्डिंग, फवारणी, जे असेल ते. डॉक्टर विचारतीलच असं नाही, आपण सांगायचं.

सुधारणा होते का, हे विषावर आणि वेळेवर ठरतं. या नळीच्या पेशी नव्याने वाढू शकतात, किडनीतली ही एक जमेची बाजू. औषधामुळे झालेली गळती औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुधा कमी होते. शिशावर उपाय आहे. कॅडमियमवर खात्रीचा उपाय नाही. डायइथिलिन ग्लायकॉलवर सुरुवातीच्या काही तासांत फोमेपिझोल देता आलं तर त्याचं विषारी आम्लात रूपांतर रोखता येतं, नंतर उरतं ते डायलिसिस. लहान मुलाने सिरप घेतल्यावर सहा-आठ तासांत लघवी केली नसेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात जायचं. बाटली फेकू नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची सिरप सहसा देऊच नयेत आणि दोन वर्षांखालच्यांना तर अजिबात नाही, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा एकदा कळवलंय.